मुदत टळल्यावर कामगार दाव्यात वरच्या कोर्टात कसं जायचं

विलंब माफीच्या अर्जात, म्हणजे मुदत टळल्यावर झालेला उशीर माफ करा असं कोर्टाला सांगणाऱ्या अर्जात, लोक सगळी मेहनत कारण रंगवण्यावर घेतात आणि तारखांकडे दुर्लक्ष करतात. न्यायाधीश मात्र आधी तारखाच वाचतात. किती दिवस उशीर झाला हा प्रश्न दुय्यम असतो, त्या दिवसांचा हिशेब पटतो का हे पाहिलं जातं. एन. बालकृष्णन प्रकरणात (१९९८) सुप्रीम कोर्टाने ८८३ दिवसांचा उशीर माफ केला. त्याच्या आदल्या वर्षी पी. के. रामचंद्रन प्रकरणात ५६५ दिवस माफ झाले नाहीत, कारण खुलासाच धड नव्हता. पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया (२०१२) मध्ये तर सरकारी खात्याचे ४२७ दिवस नाकारले गेले. ‘फाईल टेबलावरून टेबलावर फिरत होती’ हे कारण तेव्हापासून जवळपास बाद झालं आहे.

मुळात हे अपील आहे का?

कामगार कायद्यात सगळेच ‘अपील करायचंय’ म्हणत येतात, पण बऱ्याच आदेशांवर अपील नावाची गोष्टच नसते. कोणतं दार ठोठवायचं यावर मुदत ठरते, म्हणून हे आधी नक्की करा.

एमआरटीयू-पल्प कायद्याखाली (कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा, १९७१) कामगार न्यायालयाचा आदेश असेल तर कलम ४४ खाली औद्योगिक न्यायालयात रिव्हिजन, म्हणजे आदेशाची फेरतपासणी, होते. कलमात दिवसांची मुदत लिहिलेली नाही, पण म्हणून वर्षभर थांबायची मुभाही मिळत नाही. महिन्याच्या आत दाखल करायचं, असं मनाशी धरून चाला. औद्योगिक न्यायालयाच्या आदेशावर, तसंच औद्योगिक विवाद कायद्याखालच्या निवाड्यावर हायकोर्टात रिट याचिका होते. रिटलाही ठरलेली मुदत नाही, पण ‘इतके दिवस झोपला होतात का’ हा प्रश्न पहिल्याच तारखेला येतो. तीन महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नका, गेलंच तर याचिकेतच उशिराचा वेगळा परिच्छेद लिहा.

खरी अपिलं वेगळी. नोकरीतील अपघाताच्या भरपाईवर हायकोर्टात ६० दिवसांत अपील होतं, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. तिथे मुदत कायद्याचं कलम ५ लागतं, म्हणजे उशीर माफ होऊ शकतो. जुन्या वेतन प्रदान कायद्याखालच्या आदेशावर ३० दिवस, वेतन संहितेखालच्या आदेशावर ९० दिवस. ग्रॅच्युइटीच्या आदेशावर आदेश मिळाल्यापासून ६० दिवस, आणि पुरेसं कारण दिलं तर आणखी ६०. या १२० दिवसांनंतर अपील प्राधिकरणाच्या हातात काहीच उरत नाही. १२१ व्या दिवशी कितीही करुण कारण सांगा, उपयोग नाही. ग्रॅच्युइटीत म्हणूनच अर्धवट कागदांवरही आधी दाखल करा, उरलेले नंतर जोडता येतात.

वरच्या कोर्टाची मुदत नव्हे, तर पहिली तक्रार करायचीच मुदत गेली असेल तर गणित निराळं. अनुचित कामगार प्रथेची तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते, आणि ‘योग्य व पुरेशी कारणं’ दाखवली तर एमआरटीयू-पल्पच्या कलम २८ खाली नंतरही घेतली जाते. कामावरून काढल्याचा वाद थेट न्यायाधिकरणात नेण्याची मुदत जुन्या कायद्यात तीन वर्षं होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती दोन वर्षं आहे. जुन्या तारखेचं प्रकरण असलं तरी तीन वर्षांच्या भरवशावर बसू नका, दोन वर्षांच्या आतच अर्ज टाका.

हद्दीचा एक नेहमीचा घोळ इथेच सांगून टाकतो. ऐरोली, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो. तळोजा एमआयडीसी बोलायला नवी मुंबई असली तरी ती पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे. कंपनीचं हेड ऑफिस मुंबईत, कारखाना तळोज्यात आणि कामगार राहतो घणसोलीत, असं असेल तर दाखल करण्याआधी रजिस्ट्रीत हद्द विचारून घ्या. हद्द चुकली की सहा महिने सहज जातात. हायकोर्टात ठाणे-नवी मुंबईची रिट ‘अपील साइड’ या विभागात दाखल होते, ‘ओरिजिनल साइड’ला नाही.

दिवस मोजायची रीत

तीन नियम पुरतात. आदेशाचा दिवस मोजायचा नाही. सही-शिक्क्याची नक्कल मिळायला लागलेला वेळ वजा होतो. शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडण्याच्या दिवशी दाखल करता येतं. पहिले दोन मुदत कायद्याच्या कलम १२ मध्ये आहेत आणि तिसरा कलम ४ मध्ये. कलम १२ मध्ये ‘अपिलाची अनुमती मागणारा अर्ज’ स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणून सुप्रीम कोर्टातल्या विशेष अनुमती याचिकेलाही, म्हणजे एसएलपीलाही, ही वजावट मिळते.

एक हिशेब करून पाहू. हायकोर्टाचा आदेश १० जून २०२५ चा. एसएलपीची मुदत ९० दिवस. ११ जून हा पहिला दिवस धरला तर नव्वदावा दिवस ८ सप्टेंबरला येतो. नकलेचा अर्ज १६ जूनला दिला आणि नक्कल २ जुलैला तयार झाली, तर १६ जून ते २ जुलै हे १७ दिवस वजा होतात. म्हणजे मुदत २५ सप्टेंबरपर्यंत. समजा नक्कल आणायला तुम्ही १४ जुलैला गेलात, तर मधले १२ दिवस तुमच्याच खात्यावर पडतात. ते वजा होत नाहीत. याचिका ५ डिसेंबरला दाखल झाली, तर उशीर ७१ दिवसांचा.

नकलेच्या मागच्या बाजूचा शिक्का नीट पाहा. अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख अशा तीन नोंदी असतात. अर्ज करताना पुरेशी फी भरलेली नसेल आणि बाकी भरायला उशीर झाला असेल तर तो काळही तुमच्या अंगावर येऊ शकतो. शिक्का पुसट असेल तर लगेच वाचता येईल असा करून घ्या. वर्षभराने त्या शाईवरून वाद घालत बसावं लागतं. आणि अर्ज आदेशाच्या दिवशीच द्या. आठवड्याने दिला तर तो आठवडा गेला.

१५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने मुदतीतून वगळलेला आहे. जुनी प्रकरणं हाताळणाऱ्यांनी तो हिशेबात धरायला विसरू नये, अजूनही विसरतात.

तारखांचा तक्ता

वरच्या ७१ दिवसांचा तक्ता करायला बसलात तर वहीत साधारण असं काही उतरेल. १४ जुलै ते २० ऑगस्ट, कामगारांची बैठक, वकिलाच्या फीची वर्गणी: युनियनच्या बैठक रजिस्टरची प्रत. २८ ऑगस्ट, मराठी कागद इंग्रजी भाषांतराला दिले. २२ सप्टेंबरला परत आले: भाषांतरकाराची पावती. २४ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर, अर्जदार रुग्णालयात: डिस्चार्ज कार्ड. १३ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर… आणि इथे पेन थांबतं. ११ नोव्हेंबर, फाईल दिल्लीला पाठवली: कुरिअरची पावती. १८ नोव्हेंबर, कामगार न्यायालयाचा रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद) हवा असा वकिलाचा मेल. २६ नोव्हेंबर, रोजनाम्याची नक्कल मिळाली. ५ डिसेंबर, दाखल.

ते १३ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबरचे २९ दिवस म्हणजे तुमचं दुखरं ठिकाण. सामनेवाल्यांचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवणार. ‘वरील कारणांमुळे एकंदर विलंब झाला’ असा गुळगुळीत शब्द वापरून ते झाकायला जाऊ नका. डॉक्टरांनी घरी विश्रांती सांगितली असेल तर ते डिस्चार्ज कार्डावरच लिहिलेलं असतं, त्या ओळीचा उल्लेख करा. रोजंदारी शोधत होतात, गावी गेला होतात, पैसे जमत नव्हते, जे खरं असेल ते लिहा. खरी पण कमकुवत सबब कोर्ट बऱ्याचदा खर्च लावून माफ करतं. खोटी सापडली तर अर्ज तर जातोच, वर मूळ प्रकरणातही तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

निदान एक मोठं कारण मुदत संपण्याआधी सुरू झालेलं असावं. मुदतीत काहीच केलं नाही आणि मुदत संपल्यावर आजारी पडलो, असा तक्ता दिसला की प्रश्न विचारले जाणारच. वरच्या तक्त्यात आजारपण २४ सप्टेंबरला, मुदत संपायच्या आदल्या दिवशी सुरू होतं आणि त्याआधी भाषांतराचं काम चालू होतं. त्यामुळे तो तग धरतो.

कोणती कारणं चालतात

आदेश कधी हातातच पडला नाही, प्रतिनिधी वारला किंवा युनियन बदलली आणि जुन्याने कागद दिले नाहीत, चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे चाललं होतं, घरातला मृत्यू, अपघात. ही सगळी चालतात, पण प्रत्येकासोबत एक तरी कागद हवा. ‘वकिलाने कळवलं नाही’ हे वरचेवर येणारं कारण. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला होऊ नये, हे रफिक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) पासून मान्य आहे, पण तुम्ही वकिलाला विचारत होतात हे दिसलं पाहिजे: मेसेज, फोनची नोंद, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र. वर्षभर विचारलंच नाही, तर ती तुमची चूक.

न चालणारी कारणंही ओळखू येतात. ‘कायदा माहीत नव्हता’ एवढंच. गल्लीतल्या डॉक्टरांचं एका कागदावर पाच महिन्यांच्या ‘बेड रेस्ट’चं सर्टिफिकेट, मध्ये एकही केसपेपर नाही, औषधाचं बिल नाही, आणि त्याच महिन्यांत बँकेच्या पासबुकात एटीएमचे व्यवहार.

बडतर्फीच्या प्रकरणात कामगाराच्या हाती एक हुकमाचा पत्ता असतो जो फार कमी लोक वापरतात. उशीर झालेल्या काळाचा मागील पगार मागणार नाही, अशी हमी अर्जातच देता येते. मालकाचा मुख्य आक्षेप हाच असतो की उशीर त्यांनी केला आणि पगार आम्ही का भरायचा. अजैब सिंग (१९९९) प्रकरणात सुप्रीम कोर्टाने उशिरामुळे दावा फेकून दिला नाही, उशिराच्या काळाचा पगार मात्र कापला. कोर्ट कदाचित तसंही कापेल. आपणहून सोडला तर अर्ज मंजूर होण्याची शक्यता वाढते. ही हमी वकिलाशी बोलून, अक्षरश: मोजून द्या, कारण ती परत घेता येत नाही.

चुकीच्या कोर्टात गेलेली वर्षं

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंत्राटी कामगारांचं हे ठरलेलं दुखणं. कंत्राटदारामार्फत लागलेला कामगार मूळ कंपनीविरुद्ध एमआरटीयू-पल्पखाली तक्रार करतो. कंपनी म्हणते, हा आमचा कामगारच नाही. सिप्ला आणि कल्याणी स्टील्स (दोन्ही २००१) या निकालांनुसार मालक-नोकर नातंच वादात असेल तर ते आधी औद्योगिक विवादाच्या मार्गाने ठरवून घ्यावं लागतं, तक्रार टिकत नाही. हे कळेपर्यंत चार-पाच वर्षं गेलेली असतात.

तो काळ मुदत कायद्याच्या कलम १४ च्या तत्त्वावर वगळून मागता येतो, पण दावा प्रामाणिकपणे आणि तत्परतेने चालवलेला असला पाहिजे. रोजनामा इथे कामी येतो. दर तारखेला हजर होतात, की निम्म्या तारखा तुमच्याच अर्जाने पुढे गेल्या, हे त्यात दिसतं. संपूर्ण रोजनाम्याची नक्कल काढून जोडा. तक्रार मागे घ्यायची असेल तर साधी ‘दावा चालवायचा नाही’ अशी पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देऊ नका. ‘योग्य न्यायासनाकडे जाण्याची मुभा राखून, इथे गेलेला काळ विचारात घेण्याच्या विनंतीसह’ मागे घेत आहोत, असं लिहा आणि तसा आदेश रोजनाम्यात उतरलाय का ते त्याच दिवशी पाहा. हे एक वाक्य राहिल्यामुळे पुढे कलम १४ नाकारल्याची उदाहरणं कमी नाहीत.

अर्ज आणि दाखल करणं

विलंब माफीचा अर्ज मूळ अपील, तक्रार किंवा एसएलपीपासून वेगळा असतो आणि त्याला स्वतंत्र शपथपत्र लागतं. त्यात पहिल्या परिच्छेदात मुदतीचा हिशेब, मग उशिराचे नेमके दिवस, मग तारखांचा तक्ता, मग मूळ प्रकरणात दम आहे हे दाखवणाऱ्या चार ओळी, शेवटी प्रार्थना. दिवस चुकवू नका: ७१ ऐवजी ६५ लिहिले तर उरलेल्या सहा दिवसांसाठी दुरुस्ती अर्ज करावा लागतो. शपथपत्र ज्याला त्या घटना स्वत: माहीत आहेत त्याने करावं. आजारी कामगार होता आणि शपथ युनियनच्या सेक्रेटरीने घेतली, तर उलटतपासात अडचण होते.

ठाण्याच्या कामगार न्यायालयात अर्ज मराठीत चालतो. हायकोर्टात मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. ते शेवटच्या आठवड्यात करायला घेतलं तर कधी वेळेवर होत नाही.

विलंब माफीच्या अर्जाला किरकोळ अर्ज म्हणून वेगळा नंबर पडतो आणि सामनेवाल्यांना नोटीस निघते. हा अर्ज मंजूर होईपर्यंत मूळ प्रकरण खऱ्या अर्थाने सुरू होत नाही, आणि एकट्या त्या अर्जालाच वर्ष लागू शकतं. नोटीस कोर्टाच्या भरवशावर न सोडता हमदस्त, म्हणजे स्वत:च्या हाताने, बजावण्याची परवानगी घ्या, पोच घेऊन बजावणीचं शपथपत्र लावा. सामनेवाल्यांचं म्हणणं आलं की लगेच युक्तिवादासाठी तारीख मागा.

हायकोर्टात आधी स्टँप नंबर मिळतो, पक्का नंबर ऑफिस ऑब्जेक्शन काढल्यावर. पान नंबर नाहीत, प्रत पुसट आहे, भाषांतर जोडलेलं नाही, अशी ऑब्जेक्शनं असतात. दिलेल्या मुदतीत ती काढली नाहीत तर प्रकरणच निकाली निघू शकतं. मग ते पूर्ववत करायचा अर्ज, आणि त्या अर्जाला झालेल्या विलंबाची माफी मागणारा आणखी एक अर्ज. स्टँप नंबर घेऊन निर्धास्त झालेल्यांची फजिती इथेच होते. दर आठवड्याला स्थिती तपासा.

नुसतं दाखल केल्याने खालच्या आदेशाला स्थगिती मिळत नाही, हे मालक मंडळींनी लक्षात ठेवावं. स्थगितीचा अर्ज वेगळा करायचा, आणि रकमेच्या आदेशात सहसा पैसे जमा करायला सांगितलं जातं. ग्रॅच्युइटी किंवा अपघात भरपाईच्या आदेशाविरुद्ध मालकाचं अपील रक्कम जमा केल्याशिवाय पुढेच जात नाही.

लहान गाळेवाल्यांना वागळे इस्टेट किंवा रबाळ्यात बऱ्याचदा एकतर्फी निवाड्याची खबर वसुलीसाठी तहसीलदाराचा माणूस आला की लागते. नोटिसा जुन्या गाळ्यावर गेलेल्या असतात. इथे धावत हायकोर्टात जाऊ नका. ज्या न्यायालयाने निवाडा दिला तिथेच तो रद्द करण्याचा अर्ज आधी करतात. मुदत ३० दिवसांची, उशीर असेल तर माफीचा अर्ज सोबत. पोस्टाच्या पाकिटावरचा ‘पत्त्यावर नाही’ असा शेरा, गाळा सोडल्याचा करार, नव्या पत्त्याची जीएसटी नोंद, एवढं जोडलं की बजावणी झाली नव्हती हे बहुधा सिद्ध होतं. कामगाराला तोवर झालेला खर्च देण्याची तयारी अर्जातच दाखवा.

सुप्रीम कोर्टाची अनुमती

एसएलपी हा हक्क नाही. कोर्ट अनुमती देईल तरच ते अपील होतं, आणि कामगार खटल्यात पुरावा पुन्हा तपासायला ते सहसा बसत नाही. त्याआधी हायकोर्टातच खंडपीठापुढे अंतर्गत अपील चालतं का हे वकिलाकडून समजून घ्या, कारण ते चालत असेल तर त्याची मुदत फक्त ३० दिवसांची आहे. घटनेच्या अनुच्छेद २२७ खालच्या (खालच्या न्यायालयांवर देखरेखीच्या अधिकारातल्या) आदेशावर असं अपील नसतं, म्हणून हायकोर्टाचा आदेश २२६ खाली (रिटच्या अधिकारात) आहे की २२७ खाली, हे आदेशातच वाचा.

एसएलपीत विलंब माफीचा अर्ज आणि याचिका बहुतेक वेळा एकत्रच पाहिली जातात. उशिराचं कारण चांगलं पण मूळ मुद्द्यात दम नाही, तर दोन्ही एकाच ओळीत फेटाळली जातात. म्हणून याचिकेत कायद्याचे एक-दोन प्रश्न टोकदार मांडा, वीस नको.

पैसे हे कारण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्यातलं (१९८७) कलम १२ वाचा. औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात त्यांच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. अर्जाची पोच जपून ठेवा: वकील नेमला जाईपर्यंतचा काळ विलंबाच्या तक्त्यात दाखवता येतो, आणि ही नोंद कोर्ट सहसा गांभीर्याने घेतं.

अर्ज मंजूर झाला तर आदेशात खर्च किती आणि कधीपर्यंत, ते पाहा. रक्कम दिलेल्या तारखेला भरली नाही तर माफी आपोआप संपते, असे आदेश नेहमी असतात. चलनाची प्रत फाईलवर लावा. अर्ज नामंजूर झाला तर त्या नामंजुरीच्या आदेशालाच वरच्या कोर्टात आव्हान देता येतं, आणि त्याचे दिवस दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागतात. त्याच संध्याकाळी नकलेचा अर्ज टाका.